कर्णिक सायबांची बिनवजनाची गाडी

माझ्या गोठ्यात बैल नाहीत, मोटार आहे. घासलेल्या पातेल्यासारखी पांढुरकी, माझ्या कमरेच्याही खाली येईल एवढी बुटकी. तिला दारं नाहीत, छप्पर नाही, पुढची काच नाही. एकच माणूस बसेल एवढी जागा, आणि तो माणूस आता नाही.

परवा खारघरकडची दोन पोरं आली. कुणाकडून तरी ऐकलं म्हणे. मी ताडपत्री काढून दाखवली. त्यांनी वाकून वाकून फोटो काढले. एकानं विचारलं, "काका, कुठल्या कंपनीची?"

मी म्हटलं, "कर्णिकांची."

"ही कंपनी नाही ऐकली."

"ऐकशील कशी? एक गाडी काढली आन् बंद झाली."

पोरं हसली. दुसऱ्यानं हसत हसत पाय आत टाकायला घेतला, तेव्हा मी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. राग आला असेल त्याला. येऊ दे. विकायची का म्हणून विचारणारे पुष्कळ येतात, त्यांनाही मी असाच बाजूला करतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, इंग्रजी पाटी मला वाचता येत नाही. पण कुठल्या वस्तूत कुणी बसायचं आणि कुणी नाही, एवढं मला कळतं.

ती पोरं गेल्यावर मनात आलं की कर्णिक सायब या गोठ्यात कसे होते हे सांगायला इथं आता मी आणि हिरा, दोघंच उरलो. म्हणून हे लिहायला घेतलं.

कोनजवळच्या आमच्या शेतातून नवा रस्ता आखला तेव्हाची गोष्ट. शेत गेलं, मग बैल ठेवून काय करणार? बैल दिले, गोठा तेवढा उरला. मी दिवसभर त्याच्यासमोर बाज टाकून बसायचो. असाच बसलो असताना एक जुनी स्कूटर येऊन थांबली. उंच, वाळका माणूस. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि एक स्टीलची पट्टी.

"नमस्कार. हा गोठा रिकामा आहे का?"

"बैल गेलं, गोठा हाय. तुमचं बैल हायत का?"

"बैल नाहीत. मोटार आहे."

मी रस्त्याकडे बघितलं. स्कूटरशिवाय काही नव्हतं. "कुठं हाय?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि स्वतःच्या कपाळावर टेकवली. "सध्या इथं आहे. ठेवायला जागा पाहिजे."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय. पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहत. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. मुंबईच्या एका कंपनीत जन्मभर नकाशे काढले, तेही टाक्यांचे. रसायनाच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या, तेलाच्या टाक्या. रिटायर झाल्यावर घरच्या घरी रेसची गाडी बनवायला घेतली, अगदी पहिल्या पाइपापासून. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाइप कापायला लागले तर सोसायटीच्या सेक्रेटरीनं आवाजाची तक्रार केली.

"पण गाड्या तर बाजारात मिलतात," मी म्हटलं.

"मिळतात ना. टाक्यापण मिळतात." मग गोठ्याकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर जे काढलं ते सगळं जागच्या जागी उभं आहे हो. एक तरी अशी वस्तू करायची आहे, जी जाईल."

भाड्याचं बोलायला लागले तेव्हा मी त्यांना गप्प केलं. माझ्या गोठ्यात कुणी काय बांधायचं ते मी ठरवणार, आणि भाडं घेऊन मी काही ठरवत नाही.

दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन आले. गाडी कागदावर काढलेली होतीच, पण त्यांना ती आधी खऱ्या मापात जमिनीवर काढायची होती. आमची जमीन शेणानं सारवलेली. तिच्यावर खडू कसा उठणार? हिरा, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि रांगोळीचा डबा घेऊन आली. सायबांनी चिमूट धरली आणि जी रेघ सोडली, ती वाकडीतिकडी, मधेच ढीग, मधेच कोरडी.

"सरका तिकडं," हिरा म्हणाली. "तुमी पट्टी ठेवा. रेघ मी सोडते."

आता बघा, गुडघे टेकलेला एवढा मोठा सायब पट्टी सरकवतोय, माप सांगतोय, आणि माझी बायको बोटांतून पांढरी रेघ सोडत मागं मागं सरकतेय. दुपार होईपर्यंत गोठ्यात अख्खी गाडी उमटली. चार चाकं, लांब नाक, इंजिनाची जागा, माणसाची जागा. सायब उठले, चपला बाहेर काढल्या, रेघ मोडणार नाही असं जपून पाऊल टाकत माणसाच्या जागेत गेले आणि हिराकडून पाट मागून घेऊन त्यावर पाय लांब करून बसले. हातात स्टेनलेसची ताटली धरली.

आणि निघाले.

तोंडानं आवाज नाही, काही नाही. नुसते ताटली थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवत समोरच्या भिंतीकडे बघत होते. एवढ्यात आमचा शेजारी पांडू रिक्षावाला आला. तो दारातच थांबला.

"सायब, मागं बसू का?"

"मागे सीट नाही."

"म्हंजे शेअर चालत नाय?" पांडू म्हणाला. "मग कुठं चाललाव?"

"आपट्याला. इथून सरळ, मग नदीच्या कडेनं."

पांडू तिथंच उंबऱ्यावर बसला. "मग तुमी खड्डा चुकवला नाय. पुलाच्या अलीकडं मोठा हाय."

सायबांनी ताटली झटकन डावीकडे घेतली. "चुकवला."

"आता झाडी लागल. थंड वाटल."

"वाटतंय," सायब म्हणाले, आणि खरंच त्यांनी डोळे मिटले. मी समोर बसलो होतो. शपथेवर सांगतो, त्या बंद गोठ्यात मला पाताळगंगेच्या पाण्याचा वास आला. कुणी हसलं नाही. हिराही पदर तोंडाला लावून उभी होती, पण हसत नव्हती. आपट्याला पोचेपर्यंत आम्ही सगळे त्यांच्याबरोबर होतो.

पांडू गेल्यावर मी म्हटलं, "सायब, एवढा छंद हाय तर सावकाश करा. घाई कनाची?"

त्यांनी ताटली खाली ठेवली. "डोळ्यांच्या कडा चालल्यात माझ्या, नाना. काचबिंदू. मधलं दिसतं, बाजूचं विझत चाललंय. डॉक्टर म्हणतात, मधलंही जाईल. थेंब घालतो, पण जायचं ते जाणार. कधी, ते कुणी सांगत नाही."

म्हणजे अगदी सुरुवातीपासून आम्हांला ठाऊक होतं. डोळे आधी जातात की गाडी आधी उभी राहते, एवढीच ती शर्यत होती. त्यांनी हे पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. बोलले ते फक्त वजनाबद्दल.

वजनाचं त्यांना वेडच होतं. गाडी पळते ती इंजिनाच्या जोरावर, असं आपण समजतो. सायबांचं म्हणणं उलटं. इंजिन त्यांनी भंगारवाल्याकडून एका ठोकलेल्या छोट्या मोटारीचं आणलं होतं, त्यात फार दम नव्हता. "मग दम कमी लागेल अशी गाडी करू," म्हणाले. आमच्याकडे भाताच्या गोणी मोजायचा काटा होता. शेत गेल्यापासून गंजत पडलेला. तो त्यांनी तेलपाणी करून गोठ्याच्या मध्यात मांडला. गाडीत जाणारा एकेक तुकडा आधी काट्यावर जायचा. लहान तुकड्यांना सोनाराकडचा बारीक काटा आणला होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून बारीक चौकोनी पाइप आणायचे, कापायचे, जोडायचे, तोलायचे आणि मान हलवायचे. "जास्त झालं." मग भोकं पाडायची. पायाखालच्या ब्रेकच्या पट्टीला भोकं, ती पट्टी धरणाऱ्या पट्टीलाही भोकं. जिथं लोखंडाला काम नाही तिथून ते काढून टाकायचं.

हिरा म्हणायची, "सायब, या गाडीतनं पुरण गालून काढता येल."

"काढू ना वहिनी. पुरणाचं वजन काय?"

आमच्याकडे गाडी घेतली की माणूस आधी पुढं लोखंडी गार्ड लावतो, मागं लावतो, बाजूला पायरी लावतो. जेवढी जड तेवढी भारी, असं आमचं मत. मीही त्यांना एकदा म्हटलं, पुढं एक गार्ड तरी ठोका, म्हशी आडव्या येतात. ते पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "नाना, लोखंड घालायला नुसते हात लागतात. काढायला छाती लागते." मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. पण ऐकायला बरं वाटलं.

वेल्डिंग ते स्वतःच शिकले, आणि सुरुवातीला फार वाईट करायचे. जोडलेला पाइप दुसऱ्या दिवशी हातात यायचा. मग शांतपणे घासायचे आणि पुन्हा जोडायचे. शिवी म्हणून नाही. फार चिडले तर म्हणायचे, "असं नाही वागायचं," तेही त्या पाइपाला. मी दुसरं टोक धरून उभा असायचो. माझं काम तेवढंच, धरायचं. काम करता करता ते मधेच थांबत, हत्यार हातात तसंच, आणि दाराबाहेर बघत राहत. मला आधी वाटायचं, दमले. नंतर कळलं की ते तेव्हा गाडीत असत. कधी विचारलं तर सांगतही. "घाट उतरत होतो." मग पुन्हा कानस चालू.

एकदा हिरानं देवाचा प्रश्न काढला. गाडीत देव पाहिजे. आमच्याकडे रिक्षात, टेम्पोत, डंपरमध्ये, सगळीकडे काचेजवळ देव असतो. या गाडीला काचच नाही. हिरानं पितळेची छोटी एकवीरा आणली होती कार्ल्याहून, ती पुढं केली. सायबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मग, तुम्हांला खोटं वाटेल, सोनाराच्या काट्यावर ठेवली.

हिराचा चेहरा असा झाला की मीच एक पाऊल मागं सरलो. "देवीला तोलताव?"

"वहिनी, ती आमचीपण कुलस्वामिनी आहे. रागावणार नाही." त्यांनी मूर्ती परत दिली, खिशातली पेन्सिल काढली आणि गाडीच्या पत्र्यावर, आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाला दिसेल असं देवीचं तोंड काढलं. डोळे मोठे, नथ, कपाळावर कुंकवाची चिरी. टाक्या काढणाऱ्या माणसाच्या हातात एवढी देवी कुठून आली कुणास ठाऊक. काढून झाल्यावर म्हणाले, "पेन्सिलीच्या शिशाचं वजन मी सोडून दिलं."

हिरानं नमस्कार केला. पण दोन दिवस ती त्यांच्याशी नीट बोलली नाही.

जेवू मात्र घालत होती. आणि सगळा घोटाळा झाला तो तिथंच.

आमच्यात रीत अशी की आपल्या अंगणात जो राबतो तो उपाशी जात नाही. मग तो मजूर असो नाहीतर सायब. कामाच्या पहिल्या दिवशी सायब डबा घेऊन आले होते. हिरानं तो उघडून बघितला, त्यात दोन पोळ्या आणि भेंडी होती. तिनं झाकण लावून डबा परत दिला. "हे संध्याकाली घरी जाऊन खावा." त्या दिवसापासून तांदळाची भाकरी, खाडीची कोलंबी, निवट्यांचं कालवण, सुका बोंबील, वालाचं बिरडं. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भाजलेली पोपटी. मडकं उघडलं की सायब त्या वाफेत तोंड घालून बसायचे. कर्णिकच ते, माशाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "अजून एक तुकडी?" हिरा विचारायची. "तुम्ही म्हणता तर," ते म्हणायचे. असं दोन वर्षांच्या वर चाललं.

गाडी चाकांवर उभी राहिली. इंजिन बसलं. स्टिअरिंग बसलं. बसायच्या जागेभोवती पाइपांचा पिंजरा होता, तो सुरुवातीलाच बांधलेला, रांगोळीच्या दिवशी पाटावर बसून घेतलेल्या मापानं. अगदी अंगाबरोबर. जादा जागा म्हणजे जादा पाइप, जादा पाइप म्हणजे जादा वजन. त्या दिवशी सायबांनी हात धुतले, चपला काढल्या आणि पहिल्यांदा खऱ्या गाडीत पाय टाकले. पाय गेले. मांड्या गेल्या. मग ते थांबले. पुन्हा जोर केला. स्टिअरिंग पोटात घुसलं आणि दोन्ही कुशींना पाइप टेकले. ते तसेच अर्धे आत अर्धे बाहेर, टांगलेल्या कपड्यासारखे राहिले.

मग पांडू म्हणाला, "सायब, गाडी आटली."

मी आणि पांडूनं काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. ते बाजेवर बसले. नेहमी शांत असणारा माणूस, पण चेहरा उतरला होता. पिंजरा कापून मोठा करायचा तर पुढचं स्टिअरिंगही हलवावं लागणार, सगळंच उकलायचं. आणखी वर्ष जाईल. आणि डोळे? त्या महिन्यात त्यांनी स्कूटर सोडली होती. बाजूनं कोण येतं ते कळत नाही म्हणून. हिरा डाव्या हाताला पाण्याचा पेला धरून उभी राहायची आणि त्यांना तो दिसायचा नाही. मग ती समोर येऊन द्यायची. वर्षभर थांबायची सोय नव्हती.

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "गाडीचं जेवढं मी कमी केलं, तेवढं तुम्ही माझ्यात भरलंत."

"माज्या हाताला नाव ठेवू नका. खाल्लं कोनी?"

"मी खाल्लं. आता नाही खाणार."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी काकडी घेऊन आले. दुपारी काकडी खाल्ली आणि कामाला लागले. हिरानं वाढलेलं ताट तसंच राहिलं. तिनं ते झाकलं आणि स्वतःही जेवली नाही. अंगणातला माणूस उपाशी, मग घरची बाई कशी जेवणार? पुढच्या दिवशी पुन्हा काकडी. पुन्हा हिरा उपाशी. मी दोघांच्या मध्ये. मला लोक हट्टी म्हणतात, पण त्या आठवड्यात माझ्या घरात मीच सगळ्यात मऊ होतो. शेवटी मी सायबांना म्हटलं, "गाडी जाईल तवा जाईल. माजी बायको आदी जाईल."

तडजोड हिरानंच केली. तिनं कुळथाचं पातळ कढण केलं, नाचणीची आंबील केली, आणि ताट न आणता पेला आणला. "ह्याला वजन नाय," म्हणाली. "प्या." सायब प्यायले. मग तीही जेवली. सायबांनी आसनाखालची गादी काढून टाकली, नुसत्या पत्र्यावर गोणपाटाची घडी घातली, पाठ एक बोट मागं घेतली. आणि रोज सकाळी नवीन पनवेलहून चालत यायला लागले. मी अर्ध्या वाटेपर्यंत सामोरा जायचो. हात धरायचा नाही, नुसतं उजव्या बाजूनं चालायचं. ती बाजू जास्त गेलेली होती.

एक दिवस आले, बाजेवर टेकलेही नाहीत, सरळ गाडीकडे गेले. पाय, मांड्या, कंबर. बसले. हात स्टिअरिंगवर. पोट आणि स्टिअरिंगच्या मध्ये हिरानं आपली चार बोटं घालून बघितली. चारही गेली.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी मधुरा पुण्याहून आली. डॉक्टरांनी तिला फोन केला होता. चांगली मुलगी, आरडाओरडा नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावरून हात फिरवला.

"सुंदर आहे बाबा. खरंच." मग म्हणाली, "पण ही पास होणार नाही. घरी केलेल्या गाडीला नंबर कोण देणार? रस्त्यावर काढता येणार नाही. आणि तुम्ही तर आता ड्राइव्ह करूच शकत नाही. मग हे सगळं कशासाठी?"

सायब बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. "मधू, नंबरासाठी नाही केली ग."

"मग?"

"जाण्यासाठी."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना."

मी म्हटलं, "मी त्यांना काय सांगनार? गोठा माजा हाय, डोलं त्यांचं हायत." मग म्हटलं, "आमच्या शेतातला रस्ता तयार झालाय. डांबर पडलंय, वाहनं अजून सोडली नायत. सरळ हाय. कुत्रं बी नसतं सकाली."

ती गाडीकडे वळली. डोळे पुसले असतील, मी बघितलं नाही. "एकदाच," ती शेवटी म्हणाली. "एकदा चालवायची, आणि मग माझ्याबरोबर पुण्याला यायचं. कायमचं. शब्द द्या."

"एकदाच," सायबांनी शब्द दिला. शब्दाला ते मापासारखेच पक्के होते.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळचं धुकं अजून उठायचं होतं. गाडी ढकलायला चार माणसं लागतील म्हणून पांडू दोघांना घेऊन आला होता. ती मी आणि हिरानंच नेली. बोटं लावली की पुढं जायची, दावं सोडलेल्या वासरासारखी. रस्त्याच्या तोंडाला पिवळी पिंपं आडवी लावलेली, आणि एक रखवालदार.

"चाचा, इधर गाडी मना है. साहब लोग देखेंगे तो मेरी नौकरी जायेगी."

"तेरे साहब को बोल, ये मेरा, बालाराम का, खेत है," मी म्हटलं आणि पिंप बाजूला केलं. "जिस पे खडा है ना तू, वो मेरा बांध था." माझं हिंदी असंच आहे. पण त्याला कळलं. तो चहा प्यायला गेला.

हिरानं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. हार पुढं केला तेव्हा सायब वजनाचं काही बोलणार होते; पण त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मान वाकवली. हार त्यांनी स्वतःच्या गळ्यात घेतला. गाडीला नाही.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "नाना, मला फक्त मधलं दिसतं, तेही थोडं. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मधोमध, काहीतरी पिवळं धरून उभे राहा. पिवळं मोठं झालं की मी ब्रेक मारीन."

हिरानं घरून पिवळीधमक चादर आणली. आम्हांला पांडूनं रिक्षातून दुसऱ्या टोकाला सोडलं. मधुरा सायबांजवळ थांबली. आम्ही दोघं चादरीची दोन टोकं धरून माझ्या खालच्या शेतावर उभे राहिलो, म्हणजे जिथं खालचं शेत होतं तिथं. सगळीकडे काळं गुळगुळीत डांबर, वर धुकं, लांब डोंगराची नुसती कड. मी शेतकरी माणूस, त्या डांबराकडे कधी धड बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

आधी भुंग्यासारखा आवाज आला. मग धुक्यात काहीतरी चमकलं. चाकं दिसत नव्हती. पांढरी रेघ जमिनीच्या थोडी वर तरंगत येत होती, आणि तिच्यावर एक डोकं, उडणारे पांढरे केस, फडफडणारा झेंडूचा हार. आवाज वाढला. हिरा म्हणाली, "थांबल ना?" मी म्हटलं, "हलू नको." गाडी सरळ रेषेत आली, एक बोटही इकडे तिकडे नाही, आणि चादरीपासून हाताच्या अंतरावर उभी राहिली.

सायबांच्या डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी कानांपर्यंत गेलं होतं. हारात फुलं थोडीच उरली होती. हात स्टिअरिंगवरून काढेनात. मग खूप हळू म्हणाले, "झालं. एकदा झालं."

इंजिन चालूच होतं.

"कसलं झालं?" मी म्हटलं. "गेलेला मानूस परत येतो तवा एक खेप होते. अजून अर्धीच झालीय. जावा, लेकीला तोंड दाखवा. तिकडं पिवली पिंपं हायत, ती दिसतील."

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड केलं आणि पोरासारखे हसले. आम्ही दोघांनी गाडीचं नाक उचलून ती वळवून दिली. गेले. आवाज बारीक होत होत धुक्यात विरला.

तिकडे बंद झाला. काहीच ऐकू येईना. दोघं बोलत असतील, बाप आणि लेक. शब्द तर पुरा झाला होता. हिराच्या बांगड्या वाजल्या.

"माजं हात दुखलं. ठेवू का खाली?"

"धर."

"अवो, ते आता कुठं येतायत? खेप झाली ना?"

"धर म्हटलं ना. त्यांना दिसाया पायजे."

ती बडबडली, पण तिनं टोक सोडलं नाही. मीही सोडलं नाही. आम्ही म्हातारा-म्हातारी त्या रिकाम्या रस्त्यावर पिवळी चादर ताणून उभे होतो, आणि दूर, पार दुसऱ्या टोकाला, इंजिन पुन्हा चालू झालं आणि आवाज आमच्याकडे वळला.